हात वर, काम बंद

टिपणीसबाईंच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी तोंड उघडायला बंदी होती.

दवाखाना दातांचा, आणि अट ही. नव्याने आलेली एखादी आई हौसेने म्हणायची, "आ कर बघू सोन्या, डॉक्टरीणबाईंना दात दाखव." की बाई खुर्चीतूनच गरजायच्या, "काही गरज नाही. आज ओठ मिटून बसायचं. ज्याने आ केला त्याला बाहेर काढीन." घरापासून ओठ आवळून आलेलं पोर गडबडून जायचं. तोंड न उघडणं हे त्याचं एकमेव हत्यार, आणि इथे तर त्याचीच सक्ती! मग बाई लांब दांड्याचा तो इवलासा आरसा त्याच्या हातात द्यायच्या, समोरच्या स्टुलावर बसायच्या आणि स्वतःचं तोंड उघडायच्या. "मोज. किती आहेत ते सांग. आणि हळू हं, मला भीती वाटते."

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, त्या एकट्या राहायच्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लवंगेच्या तेलाचा वास जिन्याने थेट आमच्या दारापर्यंत यायचा. पाहुणे आत येता येता खूश होऊन विचारायचे, "आज मसालेभात का?" आणि आई त्यांच्यापुढे पोहे ठेवायची. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

लहान मुलांना आवडावं असं बाईंच्यात वरवर पाहता काही नव्हतं. अंगाने ऐसपैस, आवाज पीटीच्या सरांसारखा, साडीवर पांढरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं जाडजूड घड्याळ. भिंतीवर सशाचं चित्र नाही, बरणीत गोळ्या नाहीत. लाडीगोडीचा त्यांना तिटकारा होता. "काही दुखत नाही हं," हे वाक्य तर त्यांना शिवीसारखं लागायचं. ते बोलणाऱ्या पालकाकडे चष्म्यावरून बघत त्या म्हणायच्या, "तुम्हाला कसं ठाऊक? दात तुमचा आहे?"

मी पाचवीत असताना माझी दाढ किडली. खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, "दुखेल?"

"दुखेल," बाई म्हणाल्या.

असं उत्तर मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. "किती?"

त्यांनी माझी बाही वर केली आणि दंडाला एक चिमटा काढला. "एवढं. सुईचं एवढं. नंतर दुखायचं नाही, नुसतं कोणीतरी आतून ढकलतंय असं वाटेल. हं, आता तू मला काढ. फिट्टंफाट."

सांगायला लाज वाटते, पण मी चिमट्यालाच रडलो. सुई टोचली तेव्हा काहीच वाटलं नाही, म्हणून पुन्हा रडलो, कारण आधी उगाच रडलो असं वाटलं. बाई हात धुता धुता म्हणाल्या, "मी सांगताना जरा जास्तच सांगते. कमी निघालं की गिऱ्हाईक खूश होतं."

आणि मग तो नियम. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बालवाडीतला असो की बँकेतला साहेब, बाई तो एकदा म्हणून दाखवायच्या. "डावा हात मोकळा ठेवायचा. हात वर, काम बंद. का म्हणून विचारणार नाही. तोंड तुझं आहे, मालक तू. मी साधी भाडेकरूसुद्धा नाही. दुरुस्तीवाली आहे." त्यामुळे मुलांना त्या 'या मालक' म्हणायच्या आणि मुलींना 'मालकीणबाई'.

या सवलतीचा मी मनसोक्त फायदा घेतला. दिवा लावला, हात वर. खुर्ची मागे झुकली, हात वर. बाईंना शिंक येईलसं वाटलं, तरी हात वर. प्रत्येक वेळी बाई हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवायच्या, त्याचा खण्ण असा आवाज व्हायचा, आणि त्या खिडकीतून बाहेरच्या नारळाकडे बघत उभ्या राहायच्या. बाहेर गाल धरून बसलेले लोक चुळबुळ करायला लागले तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "मालक, मर्जी झाली की सांगा. नारळ पाठ झाला माझा."

पण मला सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही. आमच्या घरातली टिपणीसबाईंची खरी पेशंट म्हणजे माझी धाकटी बहीण मीनल.

मीनल पहिलीत होती. तिची मागची एक दुधाची दाढ किडली, तेव्हा बाई नेमक्या बहिणीकडे इंदूरला गेलेल्या. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. कामावरच्या कोणीतरी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं, आणि बाबा तिला तिथे घेऊन गेले. तिथे काय झालं ते बाबांनी घरी आल्यावर एका वाक्यात सांगितलं, "चावली ती डॉक्टरला," आणि पंखा लावून भिंतीकडे तोंड करून बसले. दाढ निघाली नव्हतीच.

त्या दिवसापासून मीनलने तोंड बंद केलं. जेवायची, पण एका बाजूने आणि पाठ करून. दात घासायला मोरीत जायची ती दाराला कडी लावून. बोलायची तेही ओठ हलवल्या न हलवल्यासारखं. आणि बाबांशी तर अजिबात नाही. बाबा कामावरून आले की ती स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहायची. रागावले किंवा घाबरले की बाबा गावच्या बोलीत शिरायचे. गाव कणकवलीकडचं. "गो बाय, मी काय वाघ आसंय?" ते विचारायचे. मीनल आईचा पदर धरून गप्प.

बाई इंदूरहून परत आल्या तेव्हा आई तिला खाली घेऊन गेली. मागोमाग बाबा, आणि फुकटचा तमाशा म्हणून मी. बाबा दाराजवळच थांबले. बाईंनी ओठ मिटायची सक्ती केली, मीनलने ती आनंदाने पाळली, आणि आरसा घेऊन ती बाईंचे दात मोजायला लागली. डाव्या बाजूला पोचली आणि थांबली. तिथे एका दाताची जागा रिकामी होती. मीनलने तिथे बोट ठेवलं आणि कित्येक दिवसांनी तिचा नीट आवाज ऐकू आला.

"हा कुठे गेला?"

"काढला," बाई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते. चांगला दात होता गं. शेजारचा किडलेला होता. पण चौघांनी मला धरलेलं, मी अशी काही तडफडले की डॉक्टरच्या हाती भलताच आला. मग परत धरून तो दुसरा काढला. तो दुधाचा होता, पुन्हा आला. हा नाही आला."

मीनल त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला तिघांनी धरलेलं. पाय बाबांनी."

दाराशी बाबांनी चप्पल उगाच पुढेमागे केली आणि ते जिना चढून वर निघून गेले.

यानंतर मीनल रोज संध्याकाळी खाली जायला लागली. तोंड मिटूनच. एक दिवस खुर्ची वरखाली करून झाली. पायाने दट्ट्या दाबला की खुर्ची वर चढायची. एक दिवस थुंकायच्या त्या गोल भांड्यात पाणी भोवऱ्यासारखं कसं फिरतं ते बघून झालं. आई बाबांना समजावत होती, "होईल हळूहळू." बाबा म्हणत होते, "दाढ काढायची आहे की बारसं करायचंय?"

दाढेने मात्र तेवढी वाट पाहिली नाही. एका रविवारी सकाळी मीनल उठली ती गाल टम्म सुजवून. अंगात ताप. डोळ्याखालपर्यंत लाली. बाबांनी तिला उचललं. ती त्यांच्या हातात ओंडक्यासारखी ताठ झाली होती. रविवार म्हणजे दवाखाना बंद. बाबांनी पहिल्या मजल्यावर बाईंचं दार वाजवलं. बाई अंबाडा न घातलेल्या, हातात किल्ल्या घेऊन खाली आल्या.

"बाई, आता बस झालं," बाबा म्हणाले. "मी धरतो. पाय मी धरतो, हात हिची आई धरेल. तुम्ही काढून टाका एकदाची."

"पाय धरायचेत?" बाई म्हणाल्या. "माझे धरा. तिचे नाही धरायचे. बाहेर बसा."

बाबा बाहेर बाकावर बसले, आई आत थांबली. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की मीनल अजूनही मला अडवते, "दादा, तू बघत नव्हतास, तू डोळे मिटले होतेस." मधेमधे मिटले असतील. पण ऐकत सगळं होतो.

बाई तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. "मालकीणबाई, आज मला खोटं बोलता यायचं नाही. आत घाण साठलीय. मला बघायला मिळालं तर मी ती काढू शकते. नाही मिळालं तर तुला आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल."

"तिथे धरतील?"

एखाद्याने पटकन नाही म्हणून टाकलं असतं. आईने तर तोंड उघडलंच होतं. बाईंनी तिला हाताने गप्प केलं आणि म्हणाल्या, "धरतील."

मीनलच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठ मिटलेलेच. बाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात, मला दुरून कळलं. "एवढं. आज सूज आहे म्हणून जास्त. हात वर, काम बंद. आजसुद्धा. माझं काम अर्ध्यावर असलं तरीसुद्धा. फक्त एक, सुई अर्ध्यावर थांबवलीस तर पुन्हा टोचावी लागेल. तू ठरव."

मीनलने हात वर केला. बाईंनी अजून काही हातात घेतलंही नव्हतं. त्या उठल्या आणि नारळाकडे बघत उभ्या राहिल्या. हात खाली आला. बाई बसल्या, आरसा उचलला. हात वर. खण्ण. खाली. उचलला. वर. खण्ण. बाहेर बाबा बाकावरून उठत होते, बसत होते. "कित्या खेळ मांडलाहा बाईन," असं पुटपुटत त्यांनी पडदा सारायला हात घातला, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला. माझ्या आयुष्यातला शौर्याचा प्रसंग विचाराल तर तो एवढाच.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शेवटी मीनलने ओठ उघडले, दरवाजाची फट उघडावी तेवढेच. मग आणखी थोडे. आरसा आत गेला. सुईच्या वेळी अर्ध्यावर हात वर झाला आणि बाईंनी खरोखर सुई बाहेर काढली. आईने डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, "थांबले की नाही?" मीनलने मान हलवली. थांबल्या होत्या. मोठं माणूस सांगितलेलं करतं याची तिची पुरती खात्री झाली असावी, कारण यानंतर तिने तोंड आपणहून मोठं उघडलं आणि दुसरी सुई पुरती टोचू दिली.

दाढ काढताना तिचा डावा हात पुन्हा वर जायला लागला. कोपरापर्यंत गेला. आणि मग मीनलने उजव्या हाताने तो मनगटाशी धरला, खाली ओढला आणि मांडीवर दाबून ठेवला.

मीनलला कोणी धरलं असेल तर ते एवढंच.

घाण वाहून गेली, कापूस दाबून झाला, गुलाबी पाण्याने चूळ भरून झाली. मग बाईंनी पडदा सरकवला आणि बाबांना म्हणाल्या, "या मालक. बसा खुर्चीत."

"मला काय झालंय?"

"ते मालकीणबाई सांगतील."

बाबा बसले. मीनल एका गालात कापूस धरून पुढे झाली. दट्ट्यावर पाय ठेवून तिने बाबांना वर वर चढवलं, मग स्वतः स्टुलावर चढली. दिवा त्यांच्या डोळ्यांवर सोडला. आमचे बाबा, ज्यांच्या हाताखाली चार माणसं कामाला होती, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. कापसामुळे बोबड्या आवाजात मीनल म्हणाली, "बाबा, भीती वाटली तर हात वर करा हं. मी थांबेन."

तिने आरसा आत घातला. बाबांचा हात वर गेला. ती लगेच थांबली, आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि बाईंसारखीच नारळाकडे बघत उभी राहिली. बाबांनी हात खाली घेतला नाही, तो तसाच डोळ्यांवर आडवा धरला. त्यांचे खांदे हलत होते. कोणी काही विचारलं नाही. नियमच होता, का म्हणून विचारायचं नाही.

मग मोजणी पुरी झाली. मीनलने आत वाकून वास घेतला आणि जाहीर केलं, "आई, बाबांच्या तोंडात तंबाखू आहे."

"सोडली होती ना तुम्ही?" आई म्हणाली.

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांची ती रिकामी जागा मला दारातून दिसली.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. सोसायटीतल्या प्रत्येक पोराचे दात बाईंच्या हाताखालून गेले. बाहेरगावी गेलेली मुलंसुद्धा सुट्टीत दात दाखवायला घरी यायची आणि तिथल्या डॉक्टरांना नावं ठेवायची. मी कॉलेजात आणि मीनल आठवीत असताना, दशक संपता संपता, एका सकाळी दवाखान्याचं शटर उघडलं नाही. बाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा इंदूरहून भाचा आणि भाचेसून येऊन राहिले.

आईने मऊ भात केला होता, तो द्यायला मीनल आणि मी वर गेलो. बाई उशांना टेकून बसवलेल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एवढा मोठा देह, आणि आता कोणीतरी तो तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. भाचेसून चमचा घेऊन बसली होती. चांगली मुलगी होती, फक्त घाबरलेली. "मावशी, आ करा बघू. काही होत नाही. आ करा ना," म्हणत ती चमचा ओठांवर टेकवत होती. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. भाचा म्हणाला, "हनुवटी जरा दाबून धर, उघडेल."

बाईंचा डावा हात चादरीतून निघाला आणि वर गेला.

"काय हवंय मावशी? पाणी? पंखा लावू?" भाचा धावाधाव करायला लागला. त्याने पंखा लावला, चष्मा आणून दिला, खिडकी उघडली. हात वरच.

मला कळलं होतं की नाही, आज सांगता येत नाही. मीनलला कळलं. ती पुढे झाली, भाचेसुनेच्या हातातला चमचा तिने अलगद काढून घेतला आणि वाटीत ठेवला. खण्ण. मग ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. तो नारळ तिथूनही दिसायचा.

बऱ्याच वेळाने हात खाली आला. मीनल परत येऊन स्टुलावर बसली, पण चमचा तिने उचलला नाही. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मग आपणहून तोंड उघडलं. डाव्या बाजूची ती जागा रिकामीच होती.

पुढचे काही महिने शाळा सुटली की मीनलच भरवायला जायची. एका घासाला कितीही वेळ लागो. पावसाळा संपायच्या आत बाई गेल्या. भाच्याने दवाखाना विकला. तिथे आधी झेरॉक्सचं दुकान आलं, मग क्लासेस, आता मोबाइल दुरुस्ती. नारळ सोसायटीने तोडला, गाड्यांवर पडतात म्हणून. बाबाही गेले. मीनल नाशिकला असते. तिच्या मुलीला खोटं सांगून कोणी औषध पाजलेलं तिला अजून चालत नाही.

परवा माझी उरलेली एक दाढ दाखवायला मी घराजवळच्या नव्या दवाखान्यात गेलो होतो. एसी, छताला टीव्ही, त्यावर समुद्रातले मासे. तरुण डॉक्टर, हात हलका, स्वभाव गोड. "काही दुखत नाही हं काका," तो म्हणाला आणि मशीन सुरू झालं. खरोखर काही दुखत नव्हतं. तरी माझा डावा हात हळूहळू वर गेला.

"रिलॅक्स काका, झालंच," तो म्हणाला. मशीन चालूच राहिलं.

हात मी बराच वेळ खाली घेतला नाही.